हवेत उघडणारं दार आणि ४२ इंचांचा खड्डा: मिनेसोटात डेकचं परमिट काढताना

आमच्या घरातलं एक दार जवळजवळ दोन वर्षं हवेत उघडत होतं. मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या उपनगरांत नवं घर घेतलेल्यांना हे चित्र ओळखीचं असेल. जेवणाच्या टेबलाशेजारी मोठं सरकतं काचेचं दार, दारापलीकडे थेट नऊ फूट खाली गवत, आणि कुणी पडू नये म्हणून बिल्डरने बाहेरून ठोकलेला आडवा कठडा. डेक, म्हणजे घराबाहेर खांबांवर उभा केलेला लाकडी ओटा, नंतर तुमचा तुम्ही बांधायचा. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा त्या दाराशी उभा राहून विचारायचा, "हे कशाला केलंय?"

मी बांधकामातला माणूस नाही. पण आमच्या १२ बाय १६ फुटांच्या डेकचं परमिट मी स्वतः काढलं, एकदा नकाशा परत आला, एकदा खड्डे नापास झाले आणि एक अख्खा हिवाळा वाया गेला. तो तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय. आकडे मिनेसोटाचे, त्यातही जुळ्या शहरांच्या, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या, परिसरातले आहेत, आणि मी बांधलं तेव्हा राज्याची २०२० ची निवासी बांधकाम संहिता लागू होती. तुम्ही शिकागोत, मिशिगनमध्ये किंवा टोरोंटोत असाल तर आकडे तुमच्या शहराच्या बांधकाम खात्याकडून घ्या. क्रम मात्र साधारण हाच राहील.

१. नकाशाच्या आधी कॅलेंडर काढा

माझी पहिली चूक इथेच झाली. उन्हाळा मजेत घालवून मी सप्टेंबरमध्ये अर्ज केला. नकाशा दुरुस्तीसाठी परत आला, आणि मंजुरी हातात पडेपर्यंत ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडला. इथे जमीन साधारण नोव्हेंबरच्या शेवटी गोठायला लागते आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तशीच राहते. बर्फ तर त्याच्याही आधी येऊ शकतो. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळाने जुळ्या शहरांत २८.४ इंच बर्फ टाकला होता. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतता येत नाही, कारण खालचा बर्फ वितळला की ते खचतं. म्हणजे परमिट खिशात होतं आणि काम बंद.

याहून मोठी गोम मला मार्चमध्ये कळली. परमिट मिळाल्यापासून १८० दिवसांत काम सुरू झालं नाही तर ते बाद होतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात १८० दिवस मिळवून बघा, उत्तर येतं एप्रिलचा मध्य. नेमकी जमीन मोकळी होते तेव्हाच परमिट संपतं! मुदत वाढवून मिळते, पण ती लेखी मागावी लागते, कारण द्यावं लागतं आणि संपायच्या आधी मागावी लागते. मी चार ओळींची ईमेल पाठवली, काम झालं. ती पाठवायची राहिली असती तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क.

म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. तेव्हा खात्यात गर्दी कमी असते, ठेकेदारांच्या तारखा मोकळ्या असतात, आणि १८० दिवस उन्हाळ्यात संपतात, हिवाळ्यात नाही.

२. तुम्हाला परमिट लागतं का?

बहुतेक वेळा लागतं. मिनेसोटात सुटका होण्यासाठी दोन्ही गोष्टी हव्यात: डेक आजूबाजूच्या जमिनीपासून ३० इंचांहून उंच नको, आणि गोठणखोलीपर्यंत (थंडीत जमीन जितकी खोल गोठते तितका) पाया नेलेल्या इमारतीला तो जोडलेला नको. तुमचं घर तशाच पायावर उभं आहे, त्यामुळे घराला बोल्ट मारलेला डेक बुटका असला तरी परमिटच्या कक्षेत येतो.

"आपल्या मागच्या अंगणात कोण बघतंय" हा सल्ला देणारे भेटतील. आमच्या मित्रमंडळींतही होते. विनापरमिट काम उघडकीला आलं तर मूळ शुल्कावर तेवढंच चौकशी शुल्क लागू शकतं. पण पैशांपेक्षा त्रास वेगळाच होतो: शहराच्या इन्स्पेक्टरला पाया दिसावा म्हणून बांधलेल्या डेकच्या खांबाशेजारी पुन्हा खोदावं लागतं. घर विकताना हा विषय निघतोच.

परमिट लागत नसलं तरी हद्दीपासून सोडायच्या अंतराचे नियम लागू राहतात, हे वेगळं लक्षात ठेवा.

३. जागेचा कागद मिळवा

घर घेताना मिळालेल्या फायलीत जमिनीचा सर्व्हे असतो, घराची बाह्यरेषा आणि हद्दीची अंतरं दाखवणारा. नसेल तर शहराकडे मागा, बऱ्याचदा त्यांच्या दप्तरात तुमच्या घराच्या मूळ परमिटबरोबर तो असतो. काउंटीच्या संकेतस्थळावरच्या हवाई छायाचित्रावर पिवळ्या रेषा दिसतात, त्यांवर विसंबू नका. त्या अंदाजे असतात, काही फूट इकडेतिकडे सहज.

सर्व्हेवर तीन गोष्टी शोधा: हद्दीपासून सोडायचं अंतर, पाणी वाहून जाण्यासाठी आणि वीज-गॅसच्या तारा-नळांसाठी राखलेले पट्टे, आणि मागे तळं किंवा पाणथळ जमीन असेल तर तिच्याभोवतीची संरक्षित पट्टी. राखीव पट्ट्यात खांब नको. मिनेसोटात तळ्याकाठचं घर म्हणजे मिरवायची गोष्ट, पण डेकच्या बाबतीत तेच तळं सगळ्यात जास्त अटी घालतं.

घरमालक संघटना असेल तर तिची मंजुरी वेगळी आणि शहराची वेगळी. एकीने दुसरी मिळत नाही. संघटनेला लाकडाचा रंग आणि कठड्याचा नमुना यांत रस असतो, शहराला त्याचं काही पडलेलं नसतं. संघटनेकडे आधी जा, कारण त्यांच्या समितीची बैठक महिन्यातून एकदाच भरत असू शकते.

४. डेक घराच्या कशाला जोडणार, ते बाहेर उभं राहून बघा

माझा नकाशा परत आला तो या एका मुद्द्यावर.

डेकची घराकडची बाजू लेजर नावाच्या आडव्या फळीवर टेकते, आणि ही फळी साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) काढून घराच्या कडेच्या तुळईला अर्ध्या इंचाच्या लॅग स्क्रूने किंवा बोल्टने जोडतात. नुसत्या खिळ्यांवर लेजर कधीच नको. डेक कोसळण्याच्या घटनांमध्ये ही जोडणी सुटणं हे नेहमीचं कारण असतं. घराला बाहेरून दगड किंवा विटा लावल्या असतील तर त्यांवरून लेजर लावता येत नाही, कारण तो नुसता मुलामा असतो, वजन पेलत नाही.

आता तुमच्या त्या सरकत्या दाराच्या खाली जाऊन वर बघा. दार असलेला भाग पायाच्या भिंतीपेक्षा दोन फूट पुढे आलेला आहे का? खाली आधार नसताना बाहेर झुकलेला? इथल्या असंख्य घरांत जेवणाची जागा अशी पुढे काढलेली असते. तो भाग स्वतःच अधांतरी आहे, त्याच्यावर आणखी डेकचं आणि बर्फाचं वजन टांगता येत नाही. इंजिनिअरने हिशेब करून दिला तरच. मी बेलाशक तिथे लेजर काढला होता. नकाशा तपासणाऱ्या बाईंनी लाल वर्तुळ करून एकच प्रश्न लिहिला होता: हे कशावर उभं आहे?

यावर सरळ मार्ग म्हणजे डेक घराला न टेकवता स्वतःच्या पायावर उभा करायचा, घराच्या बाजूलाही एक बीम आणि खांब देऊन. आम्ही तेच केलं. तीनऐवजी सहा खड्डे झाले आणि खांबांना तिरके टेकू द्यावे लागले, पण घराच्या भिंतीला एकही भोक पडलं नाही. त्यामुळे भिंतीत पाणी झिरपण्याची चिंता उरली नाही. आता वाटतं, लेजर शक्य असता तरी हेच करावं.

घरालगतच्या खड्ड्यांचा एक तोटा आहे. घर बांधताना पायाभिंतीच्या कडेने खोदून परत माती भरलेली असते. तो भराव वर्षानुवर्षं बसत राहतो. त्यात इथल्या गोठणखोलीपर्यंत, म्हणजे ४२ इंच, गेलात तरी तळाशी मऊ मातीच असते. आमचे घराकडचे खड्डे मूळची, न हललेली माती लागेपर्यंत खाली न्यावे लागले.

बाहेर उभे आहातच तर हेही टिपून घ्या: तळघराची सुटकेची खिडकी डेकखाली येते का (बाहेर पडायला ३६ इंच उंचीची मोकळी वाट हवी), ड्रायरची वाफ कुठे निघते, गॅसचा मीटर आणि एसीचं यंत्र कुठे आहे.

५. बर्फाचं वजन नकाशात आणा

बर्फ दिसतो कापसासारखा. ताजा, भुसभुशीत, फूटभर साचलेला बर्फ चौरस फुटाला साधारण पाच पौंड भरतो. तोच बसला, भिजला, पुन्हा गोठला की घनफुटाला २० पौंडांवर जातो. निखळ बर्फाची लादी घनफुटाला ५७ पौंड. २०१० साली १२ डिसेंबरला मिनिआपोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं छत बर्फाच्या वजनाने फाटून आत कोसळलं. ते कापडी, हवेने फुगवलेलं होतं, तुमचा डेक तसा नाही, पण ती चित्रफीत बघून माझ्या बायकोने नकाशात आणखी एक खांब सुचवला.

डेकवर माणसं, खुर्च्या, ग्रिल यांच्यासाठी चौरस फुटाला ४० पौंड आणि डेकच्या स्वतःच्या वजनाचे १० पौंड धरतात. जमिनीवरचा बर्फभार राज्याच्या नियमांत दक्षिणेकडच्या काउंट्यांना ५० पौंड आणि उत्तरेकडच्यांना ६० पौंड आहे. तीन फूट बर्फात कुणी डेकवर पंगत बसवत नाही, त्यामुळे दोन्हींची बेरीज करायची नसते, मोठा आकडा घ्यायचा. मी सगळीकडे ५० धरले. १९२ चौरस फुटांवर ५० म्हणजे ९,६०० पौंड, जवळजवळ ४,३५० किलो. पाच मारुती स्विफ्ट त्या दाराबाहेर उभ्या आहेत असं समजा.

यावरून पायाचा आकार कसा निघतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे नकाशा तपासणाऱ्याशी बोलता येतं. बाहेरच्या बीमवर अर्ध्या डेकचं वजन येतं, म्हणजे ६ गुणिले १६, ९६ चौरस फूट. तीन खांबांपैकी मधला त्यातला अर्धा उचलतो, ४८ चौरस फूट. गुणिले ६० (बर्फ ५०, लाकूड १०) म्हणजे २,८८० पौंड. चिकणमाती चौरस फुटाला १,५०० पौंड पेलते असं संहिता धरते. भागा, १.९२ चौरस फूट आले. म्हणजे तळाशी साधारण १९ इंच व्यासाचं वर्तुळ, आपण २० घेऊ. हा ढोबळ हिशेब आहे, शेवटचा आकडा शहराच्या तक्त्यातून घ्या. पण काँक्रीट ओतायला बारा इंचांचा पुठ्ठ्याचा नळा आणून "होईल एवढ्यात" म्हणणाऱ्या ठेकेदाराला थांबवायला तो पुरतो.

इथे एक प्रश्न अर्जाच्या आधीच घरात बसून सोडवा: पुढे कधी या डेकवर छत घालून जाळीची खोली करणार आहात का? मिनेसोटातले डास बघता बहुतेक जण शेवटी करतात. छतावर आलेला बर्फ याच खांबांतून खाली जाणार. छतावरच्या बर्फाचे ३५ आणि छताच्या लाकडाचे पंधराएक पौंड मिळवले तर वरच्या मधल्या पायाचा व्यास १९ वरून २५ इंचांच्या पुढे जातो. आज खड्डा सहा इंच रुंद करायला काँक्रीटची काही पोती जास्त लागतात, पाच वर्षांनी करायचा म्हणजे डेक उचलावा लागतो. अर्जात "भविष्यात छत" असं लिहून पाया त्या हिशेबाने मंजूर करून घ्या. गरम पाण्याचं टब ठेवायचं असेल तर हे सगळे तक्ते बाजूला ठेवा आणि इंजिनिअर गाठा. पाण्याने भरलेलं टब हे वेगळंच प्रकरण आहे.

बर्फाच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी नकाशातच ठरतात. डेकची पातळी दाराच्या उंबऱ्यापेक्षा चार-सहा इंच खाली ठेवा. संहितेत ७ ३/४ इंचांपर्यंत मुभा आहे, दार डेकवर उघडणारं नसेल तर. पातळी एक ठेवली की साचलेला बर्फ काचेला टेकतो, दुपारी वितळतो आणि रुळावरून आत येतो. आणि जिना छताच्या पन्हळीखाली किंवा दोन उतार मिळतात त्या कोपऱ्याखाली काढू नका. मार्चमध्ये तिथून दिवसभर पाणी ठिबकतं, रात्री त्याची काच होते.

६. कागदपत्रं

शहराच्या संकेतस्थळावर "डेक" या नावाचं माहितीपत्रक असतं. आधी ते वाचा, त्यातले तक्ते वापरून काढलेला नकाशा लवकर सुटतो. माझ्या अर्जाबरोबर हे गेलं:

- भरलेला अर्ज, कामाच्या अंदाजे किमतीसह. शुल्क या किमतीवर ठरतं, वर नकाशा तपासणीचं शुल्क, आणि राज्याचा अधिभार किमतीच्या ०.०००५ पट (२०,००० डॉलरच्या कामाला १० डॉलर).
- सर्व्हेची प्रत, तिच्यावर मापात काढलेला डेक आणि हद्दीपर्यंतची अंतरं.
- वरून दिसणारा आराखडा: खांब, बीम, जॉइस्ट (फळ्यांखालच्या आडव्या तुळया), प्रत्येकाचं माप, अंतर आणि लाकडाची जात.
- बाजूने दिसणारा छेद: पायाची खोली, जमिनीपासून उंची, कठडा, जिना.
- घराला जोडणी कशी, किंवा स्वतंत्र डेक असेल तर तिरके टेकू कुठे.
- लाकडाऐवजी कृत्रिम फळ्या वापरणार असाल तर कंपनीचं माहितीपत्रक. त्या सहसा १६ इंचांवरच्या जॉइस्टवर सरळ चालतात, तिरक्या बसवायच्या तर १२ इंच लागतात.
- संघटनेचं मंजुरीपत्र.

नकाशा हाताने काढलेला चालतो. मी आलेखाच्या कागदावर पट्टी-पेन्सिलने काढला. सुंदर नसला तरी चालेल, पण एकही माप "नंतर ठरवू" असं सोडू नका.

७. अर्जावर नाव कुणाचं?

स्वतःच्या राहत्या घराचं काम स्वतः करणार असाल तर मालकाला परमिट काढता येतं. ठेकेदार देणार असाल तर परमिट त्यानेच काढावं. "तुम्ही तुमच्या नावाने काढा, स्वस्त पडेल" असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार करा. बहुधा त्याच्याकडे परवाना नसतो. राज्याच्या कामगार आणि उद्योग खात्याच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक तपासता येतो, घरबांधणी ठेकेदाराचा क्रमांक 'बीसी' या अक्षरांनी सुरू होतो. परवानाधारकाने फसवलं तर राज्याच्या भरपाई निधीकडे दाद मागता येते. परमिट तुमच्या नावावर आणि माणूस विनापरवाना असेल तर ते दार बंद होतं.

मी काम आणि परमिट दोन्ही स्वतःकडे ठेवली, फक्त खोदाईला एक माणूस यंत्रासह बोलावला. नऊ फूट उंचीचा पहिला डेक स्वतः बांधायला सांगणार नाही. माझा मेहुणा सुतारकाम जाणतो आणि तो तीन आठवडे इथे होता, हे सत्य लपवण्यात अर्थ नाही.

८. खोदण्याआधी ८११

८११ हा जमिनीखालच्या तारा-नळांच्या जागा दाखवून घेण्यासाठीचा नंबर. हा फोन फुकट आहे आणि कायद्याने बंधनकारक आहे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून किमान ४८ तास आधी करा. माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात: लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन आणि इंटरनेट, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. तुम्ही खड्ड्यांच्या जागा आधी पांढऱ्या रंगाने दाखवून ठेवल्यात तर त्यांचं आणि तुमचं काम सोपं होतं. रंगाच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांत यंत्र नको, हाताने खोदा. मीटरच्या पुढच्या तुमच्या खासगी तारा-नळ ते दाखवत नाहीत. आमच्या शेजाऱ्यांचा गवताला पाणी घालणारा नळ असाच तुटला.

९. खड्डे, आणि पहिली तपासणी

मे महिन्यात खोदाई झाली तेव्हा बाबा सांगलीहून आलेले होते. खड्ड्यात वाकून म्हणाले, "एवढ्याशा ओट्याला एवढी पायखोदाई? मुरूम लागला की थांबायचं ना."

आपल्याकडे मुरूम लागला की पाया मिळाला. इथे मुरूम लागला तरी खाली जायचं, कारण प्रश्न जमीन वजन पेलते का एवढाच नाही. बाबांना मी काळ्या मातीचं उदाहरण दिलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे जातात, तसं इथली चिकणमाती थंडीत फुगते. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि गोठणारा थर खालून आणखी पाणी ओढत राहतो, त्यामुळे मातीत बर्फाचे पापुद्रे वाढत जातात. पाया त्या थरात असेल तर तो खांबासकट वर उचलला जातो, वसंतात खाली बसतो, पण जागच्या जागी बसत नाही. म्हणून पायाचा तळ गोठणरेषेच्या खाली: जुळ्या शहरांसह दक्षिण मिनेसोटात ४२ इंच, डुलुथकडे उत्तरेत ६० इंच. बाबांना पटलं. मग त्यांनी प्रत्येक खड्ड्याची खोली स्वतः मोजली.

तरीही पहिल्या तपासणीत दोन खड्डे नापास झाले. कारणं लिहून ठेवा:

खोली उताराच्या खालच्या बाजूने मोजतात. आम्ही वरच्या बाजूने मोजली होती, एक खड्डा त्यामुळे ४० इंच भरला.

तळाशी सुटी माती चालत नाही. इन्स्पेक्टरने सळई खुपसली, ती तीन इंच आत गेली. आदल्या रात्रीच्या पावसाने कडा ढासळल्या होत्या. त्यामुळे खोदाई, तपासणी आणि काँक्रीट सलग दिवसांत बसवा, हवामान बघून. रात्री खड्ड्यांवर प्लायवूड टाका. पोरांसाठी तर टाकाच, पण सशांसाठीही. आमच्या चौथ्या खड्ड्यात सकाळी एक ससा बसलेला होता आणि त्याला बाहेर काढण्यात अर्धा तास गेला.

तपासणी होईपर्यंत काँक्रीट ओतायचं नाही. ट्रक दारात उभा असला तरी नाही. इन्स्पेक्टरची वेळ किमान एक दिवस आधी ठरवा आणि ट्रक त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा.

आणखी एक बारीक गोष्ट. काँक्रीट थेट खडबडीत खड्ड्यात ओतलं तर गोठलेली माती त्याच्या अंगाला धरून त्याला वर खेचते, तळ खोल असूनही. वरच्या भागात पुठ्ठ्याचा गुळगुळीत नळा वापरा आणि तळ रुंद ठेवा, घंटेसारखा. तो खाली अडकून राहतो.

१०. सांगाड्याची तपासणी

फळ्या ठोकण्याआधी ही तपासणी, विशेषतः डेक बुटका असेल तर, कारण मग खालून कुणाला वाकून बघता येत नाही. इन्स्पेक्टर बघतो ते धातूचे तुकडे: जॉइस्ट ज्यांत बसतात ते हँगर, खांबाच्या माथ्यावरच्या टोप्या, बोल्ट. बीम खांबाच्या माथ्यावर टेकलेला हवा, बाजूला नुसता बोल्टने लटकलेला नको. हँगरचं प्रत्येक भोक कंपनीने सांगितलेल्या खिळ्यांनीच भरा, साध्या स्क्रूने नाही. दाबप्रक्रिया केलेल्या आजच्या लाकडात तांबं असतं, त्याने साधा खिळा आणि अॅल्युमिनियमची फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी) खाल्ली जाते. जाड जस्ताचा थर दिलेलं किंवा स्टेनलेस घ्या, पिशवीवरचं लेबल फोटो काढून ठेवा. आमच्या इन्स्पेक्टरने खरंच विचारलं.

११. जिना, कठडा आणि शेवटची सही

इथे लोक अर्ध्या इंचासाठी अडकतात. जमिनीपासून ३० इंचांहून उंच डेकला किमान ३६ इंच उंचीचा कठडा लागतो, आणि त्यातून चार इंचांचा चेंडू पलीकडे जाता कामा नये. पायरीची उंची जास्तीत जास्त ७ ३/४ इंच, पाय ठेवायची जागा किमान १० इंच, आणि सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत ३/८ इंचाहून जास्त फरक नको. हा फरक बहुतेक वेळा पहिल्या किंवा शेवटच्या पायरीत येतो, कारण वरच्या फळीची जाडी हिशेबात धरायची राहते. चार किंवा अधिक पायऱ्या असल्या की मुठीत मावणारा हातकठडा हवा. कठड्याच्या माथ्यावरची रुंद सपाट फळी त्यात धरली जात नाही. हातमोजे घालून, बर्फाळ पायरीवरून उतरताना ती पकडून बघा, का ते लगेच कळेल.

घराला लागून असलेल्या डेकला बाहेर विजेचा सॉकेटही लागतो. त्याचं परमिट वेगळं असतं, ते या परमिटमध्ये येत नाही.

शेवटची तपासणी मागायची राहून जाते हे मी दोन ओळखीच्यांच्या बाबतीत पाहिलंय. डेक तयार, ग्रिल पेटलेलं, पाहुणे आलेले, आणि परमिट शहराच्या दप्तरात उघडंच. घर विकायला काढल्यावर ते सापडतं. सही झालेलं कार्ड, मंजूर नकाशा, खड्ड्यांचे टेप लावून काढलेले फोटो आणि लेबलांचे फोटो एका पाकिटात घालून सर्व्हेच्या फायलीत ठेवा.

मग पेन्सिलने प्रत्येक खांबावर एक आडवी रेघ मारा, सगळ्या एका पातळीत, लेसर किंवा पाण्याच्या नळीने जुळवून. पहिल्या हिवाळ्यानंतर, एप्रिलच्या शेवटी, पुन्हा पातळी लावा. आमच्या सहापैकी पाच रेघा जागच्या जागी होत्या. सहावी, घराकडच्या भरावातली, पाव इंच खाली गेली होती. इन्स्पेक्टरला फोन केला, तो म्हणाला पुढच्या एप्रिलपर्यंत बघा. दुसऱ्या वर्षीही ती पाव इंचावरच होती.